हिशेब किती वर्षांचा धरायचा?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचं पैशांच्या नियोजनाबद्दल सल्ला मागणारं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळतो, आकडे मात्र तसेच ठेवतो, कारण उत्तर त्यांच्यातच आहे.

ताई ५७ वर्षांच्या. एका खासगी शाळेत शिक्षिका, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. यजमान ६३ वर्षांचे, पीथमपूरच्या कारखान्यातून २०२३ साली निवृत्त झाले. जन्मात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. २०२४च्या दिवाळीत खोकला जाईना म्हणून तपासण्या केल्या तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. चौथी स्टेज, हाडांत पसरलेला. पुढच्या चाचणीत ‘एएलके पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे कॅन्सरच्या पेशींत एएलके या जनुकाचा बदल सापडला, आणि त्यावरचं औषध ॲलेक्टिनिब सुरू झालं. सकाळी जेवणाबरोबर चार कॅप्सूल, रात्री चार. याला आता सोळा महिने होत आले. ताई लिहितात, “हे रोज अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत चालत जातात आणि येताना पोहे बांधून आणतात. घरी आलेल्यांना सांगावं लागतं की आजारी हे आहेत, मी नाही.”

आता घरातली मतं. यजमानांचं म्हणणं असं की राऊ इथल्या प्लॉटला ४८ लाखांचं गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू. मुलीचं लग्न येत्या हिवाळ्यात २२ लाखांत थाटात उरकू आणि उरलेलं तुझ्या नावावर ठेवू. चिडले की म्हणतात, “नाहीतर कॅप्सूल बंद करतो. माझ्यापायी घर धुऊन निघायला नको.” दीर म्हणतात, एलआयसी सरेंडर करा, आता हप्ते भरून काय मिळणार? आणि ताईंच्या स्वतःच्या मनात आहे की नोकरी सोडावी, असतील तेवढे दिवस बरोबर काढावेत. पत्राची शेवटची ओळ: “किती वर्षांचा हिशेब धरायचा तेवढं सांगा. डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही.”

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. कारण प्लॉट, लग्न, एलआयसी, नोकरी, या चारही निर्णयांच्या मुळाशी एक न बोललेला आकडा आहे: एक वर्ष, फार तर दोन. तुमच्या घरात प्रत्येकाने तो मनात धरलाय आणि कोणी उच्चारत नाही.

तो आकडा आकाशातून पडलेला नाही. २००२ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर तेव्हाच्या चार वेगवेगळ्या केमो देऊन पाहिल्या. चारहींचा निकाल जवळपास सारखा लागला आणि निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आतच गेले. तुमच्या दिरांनी ओळखीत, नात्यात जे पाहिलं असेल ते त्या काळातलं. त्यांची आठवण खोटी नाही, पण ती तुमच्या यजमानांच्या आजाराची नाही.

या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमागे जेमतेम तीन ते पाच जणांत एएलकेचा बदल सापडतो, बहुतेकदा कधीही न ओढणाऱ्यांत. ॲलेक्टिनिबची जी मुख्य चाचणी झाली तिच्यात ३०३ रुग्ण होते. ज्यांना सुरुवातीलाच हे औषध मिळालं त्यांच्यातले शंभरातले बासष्ट-त्रेसष्ट पाच वर्षांनी हयात होते. २०२५ साली तिचे अंतिम आकडे आले, त्यांत मध्यबिंदू आहे ८१ महिने, म्हणजे पावणेसात वर्षं. मध्यबिंदू म्हणजे मुदत नव्हे, हे मी अशिलांना नेहमी सांगतो. अर्धे लोक त्याच्या अलीकडे असतात आणि अर्धे पलीकडे, आणि पलीकडच्यांपैकी काही फार पलीकडे असतात. तुमचे यजमान कुठे असतील हे मला सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येणार नाही. पण पैशाच्या माणसाला एवढं पुरतं की आठ-दहा वर्षं ही वेडी आशा नाही, धरून चालण्याजोगी शक्यता आहे.

त्याच चाचणीतला दुसरा आकडाही वाचा, कारण तो थेट खिशाला लागतो. याच औषधावर आजार दबून राहण्याचा मध्यबिंदू सुमारे ३५ महिने होता. म्हणजे कधीतरी औषध बदलावं लागेल असं धरूनच चालायचं. पुढे लोरलॅटिनिबसारखं दुसरं औषध येऊ शकतं, किंवा पेमेट्रेक्सेडची केमो, जी जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त पडते. आज महिन्याला ७२ हजार जातात म्हणून कायम तेवढेच जातील असं नाही. वरही जातील, खालीही येतील.

आता एक कबुली. २०१४ साली रामबागेतल्या एका कुटुंबाला मी सल्ला दिला होता. आजार हाच, फक्त बदल वेगळ्या जनुकातला, औषध गेफिटिनिब. मी त्यांना दोन वर्षांचा हिशेब आखून दिला. वहिनींनी बँकेतली नोकरी सोडली, सांवेरकडची शेती पहिल्याच वर्षी विकली. माणूस सात वर्षं जगला आणि त्यातली पाच चांगली जगला. पैसे चौथ्या वर्षी संपले. शेवटची तीन वर्षं त्या घराने उधारीवर काढली, आणि त्या उधारीतला मोठा वाटा माझ्या कागदाचा होता. तेव्हापासून असा प्रश्न आला की मी आधी लांबचा हिशेब मांडतो आणि मग जवळचा.

तर तुमचा मांडू. महिन्याला घरात येतात: तुमचा पगार ४१,०००, वरच्या मजल्याचं भाडं १४,०००, यजमानांचं ईपीएस पेन्शन ३,५००, आणि पोस्टातल्या ३० लाखांच्या सीनिअर सिटिझन योजनेचे तिमाही ६१,५००, म्हणजे महिना २०,५००. एकूण ७९,०००. जातात: घरखर्च ३८,०००, कंपनीच्या सवलत योजनेतून पडणाऱ्या कॅप्सूलचे सरासरी ७२,०००, स्कॅन-रक्ततपासण्या-मुंबईच्या फेऱ्यांचे १२,०००, मेडिक्लेमचे ६,०००, एलआयसीचे ४,०००. एकूण १,३२,०००. महिन्याला ५३,००० कमी पडतात, वर्षाला सहा लाख छत्तीस हजार. तीन वर्षांनी पगार थांबला की हा खड्डा जवळजवळ दुप्पट होतो.

खड्डा भरायला काय आहे? एफडी २६ लाख, तुमचं पीपीएफ १७ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख. झाले ५४. निवृत्तीला तुमची ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून १४ लाख येतील असं तुम्ही लिहिलंय. पोस्टातले ३० लाख, एलआयसी, प्लॉट आणि राहतं घर सध्या बाजूला ठेवतो.

मी खर्च दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढवला, औषधासकट. पैशावर साडेसहा टक्के परतावा धरला. लग्नाला ८ लाख काढून टाकले. हे ५४ आणि १४ लाख मग साधारण साडेसहा वर्षं पुरतात. त्यानंतर पोस्टाची मुद्दल मोडली तर आठ वर्षं. एलआयसीचे २०२९ साली येणारे पैसे मिळवले तर नऊच्या आसपास. आणि इथवर प्लॉटला हातही लागलेला नाही.

म्हणून दादा, हा परिच्छेद तुमच्यासाठी. तुमच्या कॅप्सूलनी घर धुऊन निघत नाही. आज नाही, पाच वर्षांनी नाही. पैशाच्या कारणाने औषध थांबवण्याची वेळ या घरावर आलेली नाही, आणि कधी आलीच तर तो विषय आधी डॉक्टरांपुढे जायला हवा, कारण कमी खर्चाचा मार्ग त्यांच्याकडे असतो, रागाकडे नसतो. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांचं एक उदाहरण देतो. गेफिटिनिब ज्या जनुक-बदलावर चालतं तो बदल असणाऱ्या ३५० रुग्णांवर त्यांनी स्वस्त गोळीला स्वस्त केमोची जोड देऊन पाहिली आणि आजार दबून राहण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. तुमच्या बदलाला हे लागू नाही. सांगायचं एवढंच की महाग औषध नाहीतर काहीच नाही, असे दोनच रस्ते डॉक्टरांसमोर नसतात.

ताई, आता तुमच्याशी पुन्हा. वरचा हिशेब नीट पाहिलात तर एक गोष्ट बोचेल, आणि ती मी लपवणार नाही. नवव्या वर्षाच्या शेवटी तुम्ही ६६ वर्षांच्या असाल. हाताशी घर आणि प्लॉट, बाकी शून्य. उपचाराचा खर्च हे घर पेलू शकतं, पण तो पेलतंय तुमचं म्हातारपण. तुमच्या घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगतात असं तुम्हीच सासूबाईंच्या आणि आईच्या संदर्भात लिहिलंय. तेव्हा प्लॉट हा तुमच्या पंचाहत्तरीचा पैसा आहे. तो लग्नाच्या मांडवात घालायचा नाही.

लग्नाबद्दल माझं मत सरळ आहे: लवकर करा, मोठं करू नका. लवकर, कारण बाप चालता-फिरता असताना कन्यादान करू इच्छितो, ही इच्छा कुठल्याही आकड्यापेक्षा वजनदार आहे. पण बायपासच्या मॅरेज गार्डनमध्ये दोन दिवस, हजार पानं, डीजे आणि ड्रोन याच्याशी त्या इच्छेचा काही संबंध नाही. ८ लाखांत इंदुरात नीटनेटकं लग्न होतं, मंगल कार्यालयात, दोनशे माणसांत. वरचे १४ लाख म्हणजे १९ महिन्यांच्या कॅप्सूल. मुलगी पुण्यात नोकरी करते, २८ वर्षांची आहे. तिला हा हिशेब दाखवा. मुलं अशा वेळी आपल्याला वाटतं त्यापेक्षा शहाणी निघतात. काहीच न सांगता तिच्यासाठी प्लॉट विकलात आणि तीन वर्षांनी तिला कळलं, तर त्याचं ओझं ती जन्मभर वाहील.

प्लॉटच्या त्या गिऱ्हाइकाविषयी. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की ४८ पैकी १८ लाख ‘कच्च्यात’ देणार. तिथेच तो सौदा माझ्यापुरता मोडला. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. शिवाय ते १८ लाख ना एफडीत जाणार, ना हॉस्पिटलच्या बिलात सरळ दाखवता येणार. ते लग्नातच उडणार, आणि समोरच्यालाही हे माहीत आहे. सगळे पैसे चेकने आले तरी कर आहेच. २००९ साली ६ लाखांना घेतलेल्या प्लॉटवर ४२ लाखांचा नफा, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे सव्वापाच लाख, वर सेस. महागाई वजा करून वीस टक्क्यांनी भरण्याचा पर्याय तुम्हाला आहे, पण तुमच्या बाबतीत तो महागच पडतो. कर वाचवणारे सरकारी बाँड सुचवणारा कोणीतरी भेटेलच. त्यांत पैसे पाच वर्षं अडकतात. आजारी माणसाच्या घरात अडकलेला पैसा काय कामाचा?

प्लॉट कधीच विकू नका असं मात्र मी म्हणत नाही. तो ना भाडं देतो ना व्याज, आणि घाईत विकायला गेलं की राऊचे दलाल वास घेतात. एफडी, पीपीएफ, फंड मिळून २५ लाखांच्या खाली आले की समजा वेळ झाली. माझ्या हिशेबाने ती २०३० च्या पुढेमागे येईल. तेव्हा बोर्ड लावायचा, वर्षभर वाट पाहायची तयारी ठेवायची, पूर्ण रक्कम बँकेतून घ्यायची.

नोकरीचं लिहिताना माझा हात जड होतो. तुम्हाला बरोबर राहावंसं वाटतं, ते मी समजू शकतो. पण तीन वर्षांचा पगारच १४ लाख ७६ हजार होतो, ग्रॅच्युइटी आणि पीएफ कमी होईल ते वेगळं. आणि सध्या तुमच्या यजमानांना सोबतीची गरज संध्याकाळी आहे, दुपारी बाराला नाही. ते तर तेव्हा पेपर वाचत असतात. नोकरी सोडायची वेळ येऊही शकते, औषध बदललं आणि पहिले काही महिने जड गेले तर. त्यासाठी आज शाळेत बिनपगारी रजेचा नियम विचारून ठेवा. तुमच्या रजा साठलेल्या आहेत का, तेही. रामबागेतल्या वहिनींनी मला नंतर एकदा म्हटलं होतं, “शाळेत-ऑफिसात जाते ती बाई घरी ताजी येते.” त्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

एलआयसी सरेंडर करायची नाही. यात तोलण्यासारखं फार काही नाही. २००९ची पॉलिसी, १० लाख विमा रक्कम, २०२९ला मुदत. इतक्या जुन्या पॉलिसीवर कंपनीला आता कसलाही आक्षेप काढता येत नाही. मध्येच सरेंडर केली तर हातात कमी येतं. यजमान २०२९ला ठणठणीत असले तर बोनससह पैसे त्यांना मिळतील, नसले तर तुम्हाला. आणि आता या वयात, या आजारात, नवा विमा मिळणं जवळजवळ अशक्य आहे. असलेला मोडणं म्हणजे पावसाळ्यात कौलं उतरवणं. नॉमिनी म्हणून अजून सासऱ्यांचं नाव आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते वारून अकरा वर्षं झाली! उद्याच बदला.

मेडिक्लेमकडे मात्र तुम्ही पुरेसं लक्ष दिलेलं नाही. १० लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक पॉलिसी, २०१६पासून अखंड चालू आहे. सलग साठ महिने भरलेल्या पॉलिसीवर फसवणूक सोडून इतर कारणाने कंपनीला ‘आधीचा आजार लपवला’ वगैरे म्हणता येत नाही, तेव्हा ती भीती काढून टाका. निदानाच्या वेळचं ॲडमिशन त्यांनी दिलं, कॅप्सूलना मात्र ‘ओपीडी’ म्हणून नाही म्हटलं, तेही फोनवर. फोनवरचं नाही हे नाही नसतं. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली आधुनिक उपचारांची यादी काढली, तिच्यात तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे. कंपन्यांना तिच्यावर मर्यादा घालता येते, सरसकट वगळता येत नाही. अशा लक्ष्यवेधी, म्हणजे ठरावीक जनुक-बदलावरच काम करणाऱ्या गोळ्या त्या शब्दांत बसतात की नाही यावर कंपन्या वाद घालतात. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं वचन मी देत नाही. पण डॉक्टरांच्या पत्रासह दावा लेखी करा, नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथेही भिंत लागली तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे. नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. वर्षाला तीन लाख जरी सुटले तरी वरचा अख्खा तक्ता बदलतो. इतका परतावा तुम्हाला दुसरी कुठलीही गुंतवणूक देणार नाही.

पॉलिसीचं नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायला २०२५पासून नियामकाशी बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. त्याच दिवशी ॲलेक्टिनिबवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. तुमची जुनी-नवी बिलं शेजारी ठेवून पाहा, सवलत योजनेच्या किमतीत तो फरक उतरलाय का. उतरला नसेल तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तसंच त्या योजनेत वर्षाला किती महिने विकत आणि किती मोफत, हे दर वर्षी लेखी घ्या. अशा योजना बदलतात.

होणाऱ्या जावईबापूंनी ८०डीडीबीची, म्हणजे गंभीर आजाराच्या उपचारखर्चाची प्राप्तिकरातली वजावट सुचवलीय. कलम खरं आहे, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्हा दोघांचं उत्पन्न वेगवेगळं धरलं तर नव्या प्रणालीत बारा लाखांच्या आत येतं आणि कर शून्य होतो. शून्यातून काय वजा करणार? प्लॉट विकाल त्या वर्षी मात्र मला आधी फोन करा, कारण त्या नफ्याला बारा लाखांची ही सूट लागत नाही.

दिरांच्या मित्राने सुचवलेल्या बांगलादेशच्या कॅप्सूल. पंधरा हजारांत मिळतात म्हणे. ही वाट बरीच माणसं चोखाळतात, आणि नाइलाजाने चोखाळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुम्ही नाइलाजावर आलेला नाहीत. पक्कं बिल नाही म्हणजे दावा नाही, आत काय भरलंय याची खात्री नाही, आणि मध्ये खंड पडल्यावर कंपनीची योजना पुन्हा तशीच मिळेल असंही नाही. स्वतःच्या वापरासाठी परवाना काढून परदेशी औषध मागवण्याची तरतूद कायद्यात आहे. कधी त्या दारापर्यंत जावंच लागलं तर डॉक्टरांना सांगून, त्या रस्त्याने.

एफडींबद्दल थोडं घाबरवतो. २६ पैकी १६ लाख एकाच सहकारी बँकेत आहेत आणि ४ लाख एका पतसंस्थेत. आपल्या मराठी मंडळींचा हा जुना सोस: ओळखीचा मॅनेजर, अर्धा टक्का जास्त व्याज. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच विमा आहे, पतसंस्थेला तोही नाही. तुमची बँक वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण औषधाचा पैसा एका छपराखाली नको. मुदती संपतील तशा मोठ्या बँकांत हलवा. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने संपतील अशा पायऱ्या करा, म्हणजे मोडण्याचा दंड नको. त्यातले ६ लाख वेगळे ठेवा, औषध बदलण्याच्या वेळेसाठी. तेव्हा नवी बायोप्सी किंवा रक्तातून होणारी जनुक-चाचणी, काही दिवस ॲडमिशन आणि नव्या औषधाचे पहिले विकतचे महिने, सगळं एकदम अंगावर येतं. पीपीएफ सगळ्यात शेवटी.

मुंबईच्या फेऱ्या कमी होतात का, तेही बघा. स्थिर काळात स्कॅन इंदुरातच करून मत मागवता येतं. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. अवंतिका एक्सप्रेसची दोन तिकिटं आणि परळजवळची लॉज यांत दर तीन महिन्यांनी जे पैसे जातात ते फार नसतील, पण रात्रीचा प्रवास दोघांनाही दमवतो.

मृत्युपत्र. हा शब्द तुमच्या चार पानांत एकदाही नाही. प्लॉट एकट्या यजमानांच्या नावावर आहे. मृत्युपत्र नसलं तर तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई असे चार समान हिस्से पडतात. आई ही पहिल्या वर्गाची वारस असते, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्यांच्या पाठीमागे त्यांचा हिस्सा दिरांकडे, नणंदांकडेही जाईल. त्या वेळी प्लॉट विकायला निघालात तर सह्या गोळा करत फिरावं लागेल. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार नाही असेच निवडा. नोंदणी करून घ्या. आजारी माणसाकडून मृत्युपत्र करून घेणं घरात अभद्र वाटतं. त्यावर माझा उपाय असा की दोघांनी एकाच दिवशी करावं. तुम्हीही ५७च्या आहात, स्कूटरवरून शाळेत जाता आणि महू नाक्याच्या ट्रॅफिकमधून येता.

डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही म्हणता. ‘किती दिवस?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्याऐवजी पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: हे औषध थांबलं तर पुढचं काय असेल, तेव्हा कुठल्या चाचण्या लागतील, आणि त्या दोन्हींचा खर्च साधारण किती. या तीन उत्तरांवर मी तुमचा तक्ता पुन्हा मांडेन. फी नको, पोहे चालतील.

एक नोंद अजून वहीत करून ठेवा. सासूबाईंचं सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड काढलेलं नसेल तर या आठवड्यात काढा. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. आणि यजमान २०३३ साली सत्तरीचे होतील, तेव्हा त्यांचंही काढायचं आहे.